आमच्या रक्तातली चरबी आमच्याच रक्तात मोजा

प्रति,
महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), नवी दिल्ली
संचालक, राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद

विषय : हार्ट फेल्युअर आणि रक्तातल्या फॅटी ॲसिडांची मोजणी

महोदय,

सविनय नमस्कार.

मी आहारतज्ज्ञ आहे. आधी लातूरला होते, आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात आहे. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला घरी सोडताना पथ्य समजावून सांगणं हे माझं काम. मीठ किती, पाणी किती, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. इथपर्यंत मी ठामपणे बोलते. मग घरातली बाई विचारते, "ताई, तेल कुठलं वापरू?" त्यावर मी जे सांगते, ते बहुतेक सगळं अमेरिकेतल्या वयस्कर माणसांच्या रक्ताच्या तपासण्यांतून आलेलं असतं. ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. आमच्या माणसांच्या रक्तात त्याची खातरजमा व्हायला हवी आणि ते काम आपल्या दोन संस्थाच करू शकतात, म्हणून हे पत्र.

हे पत्र रुग्णांचे नातेवाईकही वाचतील, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. लिपिड प्रोफाइल आता तालुक्याच्या लॅबमध्येही होतं. त्यात कोलेस्टेरॉल कळतं, ट्रायग्लिसराइड कळतं. पण ती चरबी कोणत्या फॅटी ॲसिडांची बनली आहे हे त्या कागदावर नसतं. पामतेलातलं पामिटिक ॲसिड, करडईतलं लिनोलेइक, जवसातलं अल्फा-लिनोलेनिक, बांगड्यातलं ईपीए आणि डीएचए (ही शेवटची तिन्ही ओमेगा-३ गटातली) ही सगळी रक्तात वेगवेगळी मोजता येतात. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफीचं यंत्र लागतं, ते चालवणारा जाणकार माणूस लागतो. तांबड्या पेशींच्या आवरणात मोजणी केली तर मागच्या दोन-तीन महिन्यांच्या खाण्याचा अंदाज मिळतो. काही फॅटी ॲसिडं शरीर स्वतः तयार करतं, त्यामुळे रक्तातला आकडा म्हणजे नुसतं ताट नव्हे. तरीही "दिवसाला किती चमचे तेल खाता?" या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा तो कितीतरी भरवशाचा. त्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येत नाही. म्हणून मी विचारते, पंधरा किलोचा डबा किती दिवस जातो आणि घरात खाणारी तोंडं किती. त्यावरून भागाकार करते. तो भागाकारही अंदाजच. घरातला कर्ता माणूस दुपारी बाहेर काय खातो ते त्यात येतच नाही.

हृदयाचा आणि फॅटी ॲसिडांचा संबंध रक्तवाहिनीत साचणाऱ्या चरबीपुरता नाही. निरोगी हृदयाला लागणारी साठ-सत्तर टक्के किंवा त्याहूनही जास्त ऊर्जा फॅटी ॲसिड जाळूनच मिळते. हृदय कमजोर होत जातं तशी इंधन वापरण्याची ही घडी विस्कटते. उलट त्याच वेळी ताणाची संप्रेरकं वाढलेली असतात, मधुमेह असेल तर इन्सुलिनचा धाक उरलेला नसतो, आणि अंगावरच्या चरबीतून मोकळी फॅटी ॲसिडं रक्तात जास्त सुटतात. याशिवाय हृदयाच्या प्रत्येक पेशीचं आवरणच फॅटी ॲसिडांचं असतं. त्यात कोणती बसली आहेत यावर सूज, ठोक्यांची लय आणि पेशीचे आतले निरोप अवलंबून राहतात. हार्ट ॲटॅक न येताही हृदय कमजोर होतं, ते का, हे समजून घ्यायला हा धागा महत्त्वाचा आहे.

आता आमच्या सल्ल्याचं मूळ. अमेरिकेत १९८९ साली कार्डिओव्हॅस्क्युलर हेल्थ स्टडी सुरू झाली. चार ठिकाणची, पासष्ट आणि त्यापुढच्या वयाची माणसं. त्यांतल्या हृदयविकार नसलेल्या २,७३५ जणांच्या १९९२ मध्ये घेतलेल्या रक्तात ओमेगा-३ फॅटी ॲसिडं मोजली आणि २००६ पर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ५५५ जणांना हार्ट फेल्युअर झालं. ज्यांच्या रक्तात ईपीए सर्वांत जास्त होतं त्या चौथ्या हिश्श्यातला धोका सर्वांत कमी ईपीए असलेल्यांच्या जवळपास निम्मा निघाला. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. डीएचएबाबत एवढं स्पष्ट नातं दिसलं नाही. पुढे २०१९ मध्ये मेसा या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासाने ६,५६२ माणसांचा सुमारे तेरा वर्षांचा हिशेब मांडला, त्यातही ईपीए कमी असलेल्यांना हार्ट फेल्युअर जास्त झालं. मोकळ्या फॅटी ॲसिडांचं उलटं. पहिल्याच अभ्यासातल्या माणसांत ती जितकी जास्त, तितका पुढे हार्ट फेल्युअरचा धोका जास्त आढळला.

मेसामध्ये गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे अमेरिकी होते. दक्षिण आशियाई नव्हते. ती उणीव भरायला तिथल्याच संशोधकांनी २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांसाठी मसाला नावाचा वेगळा अभ्यास सुरू केला. तिकडच्या आपल्या माणसांसाठी वेगळी मोजणी हवी हे तिकडच्या लोकांना पटलं. मग इकडच्या माणसांचं काय?

इथलं चित्र वेगळं आहे हे आपल्याच आकड्यांवरून दिसतं. आपल्या मदतीने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवहीत देशभरातल्या ५३ रुग्णालयांतले १०,८५१ रुग्ण आहेत. सरासरी वय साठीच्याही किंचित खाली. अमेरिकेतल्या अशा नोंदींत ते सत्तरीच्या पुढे असतं. नव्वद दिवसांत १४.२ टक्के, म्हणजे सातातला एक जण दगावला. ज्यांची आकुंचनाची ताकद घटलेली होती त्यांच्यापैकी निम्म्याहून कमी जणांना मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पूर्ण औषधं मिळत होती. हा शेवटचा आकडा मी मुद्दाम लिहिते. औषधं आधी, मीठ त्यानंतर, तेलाचा प्रश्न त्याच्याही नंतर, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दहा वर्षं लवकर आजारी पडणाऱ्या माणसांचं ताट आणि रक्त वेगळं तपासायला नको का?

ताटातला फरक किती आहे, हे मी दोन जिल्ह्यांत पाहिलं आहे.

लातूरकडे माळकरी घरं पुष्कळ. तिथे मासा सुचवण्याचा प्रश्नच येत नाही. मी सांगायची, जवसाची चटणी रोज दोन चमचे, कारळाची आलटून-पालटून, वर मीठ नावापुरतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक ॲसिड असतं, हे खरं. पण शरीर त्याचं ईपीए फार थोडं करतं आणि डीएचए त्याहूनही थोडं. वर उल्लेख केलेल्या पहिल्या अमेरिकी अभ्यासात या वनस्पतीजन्य ओमेगा-३ चं रक्तातलं प्रमाण आणि हार्ट फेल्युअर यांचा संबंध तपासला, तेव्हा काही नातं हाती लागलं नाही. मात्र त्या लोकांना ते मुख्यतः सोयाबीन किंवा कॅनोलासारख्या तेलांतून मिळत होतं, पिढ्यान् पिढ्या रोज जवस कुटणाऱ्या घरांतली ती माणसं नव्हती. जन्मभर मासा-मटण न खाता जवस खाणाऱ्या बाईच्या तांबड्या पेशींत ईपीए किती असतं? शरीर सवयीने रूपांतर वाढवतं का? सोयाबीन आल्यापासून मराठवाड्यात जवसाचा पेरा आटत गेला, तिच्या सुनेच्या रक्तात ते किती उरलं? आहारतज्ज्ञ म्हणून मला रोज लागणारं हे ज्ञान आहे आणि ते शिकागोतून येणार नाही.

कोकणात प्रश्न दुसराच. इथे बांगडा, तारली, पेडवे ही गरिबाची मासळी, आणि ईपीए-डीएचए यांच्यातच भरपूर. सुरमई-पापलेटसाठी पैसे मोडायची गरज नाही, हे सांगताना मला बरं वाटतं. त्याच अमेरिकी अभ्यासातून २००५ साली आणखी एक गोष्ट पुढे आली होती. भाजलेला, ओव्हनमध्ये केलेला मासा आणि ट्यूना नेमाने खाणाऱ्यांना हार्ट फेल्युअर कमी झालं, तळलेला मासा खाणाऱ्यांना जास्त. तिथला तळलेला मासा म्हणजे बहुधा कमी चरबीच्या पांढऱ्या माशाचं पिठात बुडवून तळलेलं सँडविच. आमचा बांगडा रवा लावून तव्यावर तेलात परततात किंवा त्याचं तिखलं, म्हणजे घट्टसर तिखट कालवण, करतात. तो निष्कर्ष मी रव्याच्या बांगड्याला कसा लावू? तिखलं करा म्हणते, कारण त्यात तेल कमी. पण हे माझ्या अनुमानाने झालं, पुराव्याने नाही.

आणि मग आगोट येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. त्याआधी घरोघरी सुकी मासळी भरून ठेवतात. खारा बांगडा, सुकट, बोंबील. पावसाळ्यात आमच्याकडे पायाला सूज आणि दम घेऊन परत आलेल्या रुग्णांशी बोलताना मी पहिली चौकशी हीच करते. एक आजोबा उशाला तीन उशा घेऊन बसलेले असायचे, आडवं झालं की श्वास अडकायचा. आजी शपथेवर सांगत होत्या की जेवणात मीठ बंद आहे. खरंच बंद होतं. आमटी अळणी, भाजी अळणी. पण अळणी जेवण घशाखाली उतरेना म्हणून रोज दुपारी चुलीत भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा तोंडी लावायला दिला जायचा. त्या तुकड्यात ओमेगा-३ होतंच, आणि आजोबांच्या फुप्फुसात पाणी भरायला पुरेल इतकं मीठही होतं. "मासा हृदयाला चांगला" एवढंच वाक्य छापलेला कागद अशा घरात धोक्याचा ठरतो. मासळी गरम पाण्यात दोन-तीनदा भिजवून ते पाणी टाकल्यावर तिच्यातलं मीठ किती जातं आणि चांगली चरबी किती टिकते, याची मोजणी आपण केलीत तर इथल्या शेकडो घरांना उपयोग होईल.

शेंगदाण्याचंही तसंच. आपल्याकडे दाण्याचा कूट पडत नाही अशी भाजी शोधावी लागते. शेंगदाण्याच्या तेलात वीस, बावीस आणि चोवीस कार्बनांची लांब साखळीची संतृप्त फॅटी ॲसिडं असतात, तिन्ही मिळून साधारण पाच-सात टक्के. संतृप्त म्हटलं की आम्ही सरसकट वाईटाच्या रांगेत उभं करतो. पण अमेरिकेतल्या त्याच वयस्कर माणसांत २०१९ च्या एका अभ्यासाने वेगळं दाखवलं. रक्तातल्या सिरॅमाइड आणि स्फिंगोमायलिन या मेदांना सोळा कार्बनांचं पामिटिक ॲसिड जोडलेलं असेल तर हार्ट फेल्युअरचा धोका जास्त, आणि ही लांब साखळीची आम्लं जोडलेली असतील तर कमी. पामतेलात पामिटिक ॲसिड चाळीस टक्क्यांच्या वर असतं. आपला देश जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करतो, आणि २०२१ मध्ये केंद्राने देशातच पामची लागवड वाढवण्यासाठी ११,०४० कोटी रुपयांची योजना आणली. म्हणजे महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या स्वयंपाकघरात दाण्याच्या तेलाची जागा पाम आणि सोयाबीनने घेतली. खिशाचा विचार करून घेतली, त्यात बायकांचा दोष नाही. त्यांच्या रक्तात या अदलाबदलीने काय केलं, एवढं मात्र कुणीतरी पाहायला हवं. पामिटिक ॲसिड शरीर भात-साखरेपासूनही तयार करतं, हे मला ठाऊक आहे. तेवढ्यासाठीच नुसतं तेलाचं पाकीट वाचून भागत नाही, रक्त तपासावं लागतं.

दरम्यान मोबाइलवर कुणीतरी सांगतं की करडई-सूर्यफुलाची तेलं विष आहेत, त्यांतलं ओमेगा-६ हृदय पोखरतं. लोक घाबरून मला विचारतात. याला निदान बाहेरचं तरी उत्तर आहे. २०१९ मध्ये १३ देशांतल्या ३० अभ्यासांतले ६८,६५९ लोकांचे रक्ताचे आकडे एकत्र केले, तेव्हा लिनोलेइक ॲसिड, म्हणजे या तेलांतलं मुख्य ओमेगा-६, जास्त असलेल्यांना हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार कमी आढळले. ते मी सांगते. पण समोरचा म्हणतो, "ते आपल्याकडचं आहे का?" आणि हा प्रश्न रास्त आहे.

रक्तात मोजणी करून धोरण तपासणं काही नवं नाही. अमेरिकेत २००३ मध्ये ट्रान्स फॅट (वनस्पती तुपासारख्या घट्ट केलेल्या तेलांतली हृदयाला घातक चरबी) पाकिटावर छापण्याचा नियम झाला, २००६ पासून तो लागू झाला. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने २००० आणि २००९ साली घेतलेले गोऱ्या प्रौढांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि ट्रान्स फॅटी ॲसिडं ५८ टक्क्यांनी उतरल्याचं २०१२ मध्ये जाहीर केलं. नियम कागदावर राहिला नाही, माणसांच्या अंगात पोहोचला, याचा तो पुरावा. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. उत्तम निर्णय. पण आमच्या इथल्या एसटी स्टँडाबाहेरच्या कढईत सकाळचं तेल संध्याकाळी काळं होऊन फेसाळत असतं. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा २०१८ पासून आहे, ती त्या कढईपर्यंत आलेली मला दिसत नाही. वडे खाणाऱ्या रिक्षावाल्याच्या रक्तात २०२२ नंतर ट्रान्स फॅट घटलं की नाही, हे पाकिटावरच्या छापील मजकुरावरून कळणार नाही. जुन्या सर्वेक्षणांचे नमुने कुठल्या फ्रीझरमध्ये उणे ऐंशी अंशांना जपलेले असतील तर ते अजून उपयोगी पडतील. दरवर्षी ते आणखी जुने होत आहेत.

महोदय, आपल्याकडे तीन वह्या आहेत आणि त्या एकमेकींशेजारी उघडलेल्या नाहीत, असं मला वाटतं. पहिली हैदराबादची २०१७ ची अन्नघटक सारणी. त्यात ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची मोजमापं आहेत, फॅटी ॲसिडांसकट. माझ्या टेबलावर ती कायम असते. दुसरी आयसीएमआर-इंडियाब, म्हणजे मधुमेहाची देशव्यापी पाहणी. त्यात १,१३,०४३ लोकांची पाहणी झाली, दर पाचव्या माणसाचं शिरेतलं रक्त लिपिडसाठी घेतलं गेलं, आणि ८१.२ टक्के लोकांच्या रक्तातल्या मेदांत काही ना काही बिघाड असल्याचं २०२३ मध्ये आपणच सांगितलंत. तिसरी, वर लिहिलेली हार्ट फेल्युअरची नोंदवही. अन्नात काय आहे ते पहिलीत आहे, रक्तातली ढोबळ चरबी दुसरीत, आणि कमजोर झालेली हृदयं तिसरीत. अन्नातलं कोणतं फॅटी ॲसिड रक्तात उतरून हृदयापर्यंत पोहोचतं, हा मधला दुवा लिहायचा राहिला आहे.

तो लिहिण्यासाठी माझी मागणी अशी. देशपातळीवरच्या पुढच्या पाहणीत ज्यांचं शिरेतलं रक्त घ्याल, त्यांतल्या निवडक लोकांच्या तांबड्या पेशींतली फॅटी ॲसिडं मोजा. निवड करताना राज्याची सरासरी घेऊ नका. महाराष्ट्राची सरासरी म्हणजे देवगडचा मच्छीमार आणि औशाचा माळकरी यांची बेरीज करून दोनने भागणं, आणि त्यातून दोघांनाही काही सांगता येत नाही. किनारा, देश, मराठवाडा, विदर्भ, आणि मुंबई-पुण्याच्या वस्त्या वेगळ्या ठेवा. गोव्यालाही किनाऱ्याच्या गटात जोडता येईल. आणि या माणसांना सोडू नका. दहा-बारा वर्षं त्यांचा एको, त्यांचं ॲडमिट होणं, त्यांचं जाणं, सगळं नोंदवा.

नुसत्या आजारी माणसांचं रक्त तपासून हे काम उरकता येणार नाही, हेही लिहून ठेवते. हार्ट फेल्युअर झाल्यावर भूक मरते, माणूस खंगतो, मोकळी फॅटी ॲसिडं आजारामुळेच वाढतात. रुग्णालयात हेपॅरिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन दिलं तरी त्यांचा आकडा चढतो. दाखल रुग्णाच्या रक्तात दिसलेलं कारण की परिणाम, हे ओळखता येत नाही. म्हणून आजार होण्यापूर्वीचं रक्त हवं आणि वाट पाहण्याची तयारी हवी. खेड्यापाड्यांतून नमुने आणणं महाग पडत असेल तर बोटातल्या रक्ताचे थेंब कागदावर वाळवून नेण्याची रीत कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत वापरली गेलीच आहे. फॅटी ॲसिडांसाठी त्या कागदाला ऑक्सिडेशन रोखणारं द्रव्य लावावं लागतं, नाहीतर ओमेगा-३ वाटेतच नासतं. आपल्या उन्हाळ्यात तर हमखास.

दुसरी मागणी मात्र दहा वर्षं थांबू शकत नाही. ओमेगा-३ च्या कॅप्सूलबद्दल जनतेला सरळ भाषेत, मराठीत, काहीतरी सांगा. डिस्चार्जनंतर महिन्याभराने रुग्ण तपासायला येतो तेव्हा पिशवीत महागड्या कॅप्सूलची बाटली असते आणि लघवीची गोळी संपून चार दिवस झालेले असतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहते आहे. रक्तात ईपीए जास्त असलेल्यांना धोका कमी दिसला, म्हणून कॅप्सूल गिळल्याने धोका कमी होईलच असं नाही. इटलीत २००८ साली गिसी-एचएफ चाचणीत हार्ट फेल्युअरच्या ६,९७५ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज एक ग्रॅम ओमेगा-३ दिलं. जवळपास चार वर्षांत मृत्यू २९ टक्क्यांवरून २७ वर आले. फायदा खरा, पण एवढाच, आणि तो इतर औषधं चालू असताना. निरोगी लोकांवरच्या व्हायटल चाचणीत २५,८७१ जण होते, तिथे हार्ट फेल्युअरसाठी पहिल्यांदा दाखल होण्याचं प्रमाण कॅप्सूलने म्हणावं तसं घटलं नाही. रोज चार ग्रॅमच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. रिड्यूस-इटमध्ये शुद्ध ईपीएने हृदयविकाराचे झटके आणि तत्सम घटना २५ टक्क्यांनी कमी केल्या, तर स्ट्रेंग्थमध्ये ईपीए-डीएचएच्या मिश्रणाने काहीच फरक पडला नाही. दोन्हींत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास मात्र वाढला. ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे त्याला तो त्रास परवडणारा नसतो. दुकानातून स्वतःच्या मनाने मोठा डोस सुरू करू नका, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्यासाठी बंद करू नका, एवढी दोन वाक्यं आपल्या शिक्क्यानिशी आली तर माझ्या बोलण्याला वजन येईल. २०२४ च्या मेमध्ये आपण भारतीयांसाठी आहाराची सतरा मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केलीत. ती निरोगी माणसांसाठी आहेत. कमजोर हृदयाच्या रुग्णांसाठी तशीच चार पानं हवीत, आणि ती जिल्हा रुग्णालयाच्या एनसीडी (मधुमेह-रक्तदाबासारख्या असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकपर्यंत, आशाताईंच्या पिशवीपर्यंत पोहोचायला हवीत.

पैशाचा प्रश्न निघेल हे मी जाणते. फॅटी ॲसिडांची चाचणी प्रत्येक रुग्णाला करा असं मी म्हणतच नाही. खाजगी लॅबनी ती पॅकेजमध्ये घालून विकू नये असंच मला वाटतं, कारण आकडा हातात आला तरी आपल्या लोकसंख्येसाठी त्याची योग्य पातळी कोणती, हेच अजून ठरलेलं नाही. तांबड्या पेशींतल्या फॅटी ॲसिडांत ईपीए-डीएचए चार टक्क्यांखाली असेल तर धोका आणि आठच्या वर चांगलं, हा ओमेगा-३ चा मापदंड २००४ मध्ये परदेशी संशोधकांनी परदेशी माणसांवरून सुचवलेला आहे. तो लावला तर आमच्या माळकरी घरांतली जवळपास सगळीच माणसं धोक्याच्या रेषेखाली जातील, असा माझा अंदाज आहे. त्या सगळ्यांना खरोखर धोका आहे की त्यांच्यासाठी रेषाच वेगळी आहे, हे ठरवणं संशोधन संस्थेचं काम आहे, कॅप्सूल विकणाऱ्याचं नाही.

पाहणीची प्रश्नावली तयार कराल तेव्हा "तेल कोणते?" या एका रकान्यावर थांबू नका. सुटं तेल की पाकीटबंद, डबा किती दिवस पुरतो, तळून उरलेलं तेल कशात वापरता, आगोटीला सुकी मासळी किती भरली, ती भिजवून घेता का, जवस-कारळाची चटणी आठवड्यातून किती वेळा, दाण्याचा कूट किती, कामावर गेल्यावर दुपारी काय खाता. आणि हे प्रश्न घरातल्या बाईला विचारा, कर्त्या पुरुषाला विचारू नका, त्याला डब्याची किंमतही सांगता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात हे काम सुरू झालं तर प्रश्न विचारायला, नमुने गोळा करणाऱ्या पथकाबरोबर वाड्या-वस्त्यांवर फिरायला मी आणि माझ्या सहकारी तयार आहोत. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक आहारतज्ज्ञ
रत्नागिरी जिल्हा